साडेतीनच्या खाली

केमी बंदरातून निघालेलं बर्फफोडं जहाज
रात्री अकराला आखातात थांबतं,
मागून येणाऱ्या मालवाहू बोटीची वाट बघत.
इंजिनघरात यार्को तेलकट हात पँटला पुसतो
आणि खिशातला फोन काढतो, सवयीनं,
लावलेलं कुलूप माणूस पुन्हा एकदा
ओढून बघतो तसा.

फोनवर आकडा नाही.

नऊ वर्षं तिथे आकडा होता.
पाच पूर्णांक आठ, बाण आडवा.
अकरा पूर्णांक एक, बाण वर: वर्गात कुणाचा तरी वाढदिवस.
तीन पूर्णांक दोन, बाण खाली, आणि हा
किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर
शेजारच्या तौनोला फोन लावतोय:
दार वाजव, नाही उघडलं तर किल्ली आहे तुझ्याकडे,
रस फ्रिजच्या दारात, उठवून पाज,
चिडेल ती. चिडू दे.

मुलीच्या दंडावर दोन युरोच्या नाण्याएवढी चकती.
दर पाच मिनिटांनी ती कातडीखालची बातमी फोडते.
कुणाला फोडायची, याची यादी असते.
यार्कोनंच केली होती, विल्या सात वर्षांची असताना,
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चष्मा कपाळावर:
आई, मारित, उलूला राहणारी: सगळं दिसेल.
शाळेतली नर्स: सोमवार ते शुक्रवार, आठ ते तीन.
बाप: सगळं दिसेल, सगळं बदलता येईल.
विल्या: बघू शकते,
बंद करू शकत नाही.
त्यावर चार आकड्यांचं कुलूप.

पाळणा या शब्दातून
पाळत हा शब्द कधी बाहेर आला
हे घरातल्या कुणालाच कळलं नसतं,
पिह्लाकडे मुली रात्री राहायला गेल्या होत्या
आणि दोन वाजता यार्कोनं
पाच पोरींना जागं केलं, ते सोडल्यास.

परवा ती सोळा वर्षांची झाली.
डॉक्टरीण म्हणाली, यादी आता हिची.
त्याच टेबलाशी बसून, केस ओले,
तिनं एकेक नाव उघडलं.
नर्स: काढली.
आई: रविवारी, आठवड्याचा आलेख.
बाबा: फक्त धोक्याची घंटा.
किती खाली गेल्यावर?
साडेतीन.
चार कर, तो म्हणाला.
साडेतीन.
पावणेचार तरी.
ती हसली, मासळीबाजारात
शेवटचा सामन उरलेला माणूस हसतो तशी.

मग बदल पक्के करायला कुलूप आडवं आलं.
तो आकडा सांगायला तोंड उघडणार,
तोवर तिनं दाबून टाकला होता.

तुला कधीपासून माहीत आहे?
अकरा वर्षांची होते तेव्हापासून.
बाबा, तू सगळीकडे तोच लावतोस.
सायकलला, बोटीच्या शेडला, सामानाच्या बॅगेला.

पाच वर्षं.
यार्को बोटांवर मोजत बसला.
पाच वर्षं किल्ली तिच्या हातात होती
आणि तिनं दार उघडं ठेवलं.
ती घंटा वाजल्यावर उशीखाली फोन कोंबणारी,
जेवताना तोंड फिरवून बसणारी,
पिह्लाकडच्या त्या रात्रीनंतर
आठ दिवस अबोला धरणारी.
एकदाही नाही.

आता जहाज पुढे सरकतं.
पोलादाखाली बर्फ फुटतो, आधी कुरकुर,
मग लाकूड चिरल्यासारखा लांब आवाज.
फोन गप्प आहे.
गप्प म्हणजे साडेतीनच्या वर.
किंवा गप्प म्हणजे रेंज नाही.
किंवा चकती निघून आली असेल पोहताना,
तिला सांगितलं होतं वरून पट्टी लाव म्हणून.

एक वाजता फोन थरथरतो.
याचा जीव घशात.
घंटा नाही, फोटो आहे:
दालचिनीचा पाव, अर्धा खाल्लेला,
ताटलीच्या कडेला तिचा अंगठा.
खाली काहीच लिहिलेलं नाही.

यार्को मनात हिशेब करतो. नऊ. साडेनऊ. बाण वर.
लिहितो: इन्सुलिन घेतलंस ना
पुसतो.
लिहितो: एवढ्या रात्री
पुसतो.
बराच वेळ अंगठा काचेवर, काचेवर ग्रीसचा ठसा.

लिहितो:
माझ्यासाठी ठेवलायस का अर्धा?